अर्ध्या पोटाची पंगत

फरीदाबादच्या मराठी मंडळात इंद्रजितरावांच्या उपासांचा बोलबाला झाला होता. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या दिवसांत कुणी जेवायला बोलावलंच, तर ते पंचांग उघडून एखादा प्रदोष नाहीतर एखादी एकादशी शोधून काढत. केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म ज्या माणसानं कॅन्टीनची भजी चुकवली नाही, तो निवृत्तीनंतर एवढा देवभोळा झाला म्हणून लोक सुनीतीकडेही जरा आदरानं बघायला लागले होते.

सुनीती मान डोलवायची. आपला नवरा देवाकडे वळलेला नाही, जेवणाच्या ताटावरून पळ काढतोय, हे तिला माहीत होतं आणि मुलीला, मृणालला. बाहेर कुणालाच नाही.

झालं होतं ते असं. इंद्रजितरावांचे गुडघे दुखायचे. डॉक्टरकडे जायचं सोडून ते केमिस्टकडे जायचे आणि वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी चघळल्यासारख्या खायचे. पोटातला अल्सर आतल्या आत वाढत गेला आणि एका होळीच्या सकाळी फुटला. खाली पोरं रंग उडवत होती आणि वर हे पांढरेफटक पडले होते. जीव वाचला, पण जठराचा मोठा तुकडा काढून टाकावा लागला.

घरी आणल्यावर सुनीतीनं पदर खोचला. आजारी माणसाला काय द्यायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आईनं तिला दिलं होतं, तिनं मृणालला दिलं होतं. हलकं द्यायचं. सकाळी मऊसूत शिरा, साखर जरा सढळ, कारण तोंडाला चव नसते. अकराला मोसंबीचा रस. दुपारी दूधभात, वर साखर. संध्याकाळी साबुदाण्याची खीर. शिरा तर ती असा करायची की चमचा लावला की सुटायचा, आणि भरवताना म्हणायची, "एवढा घास माझ्यासाठी."

ते तिच्यासाठी खायचे आणि थोड्या वेळात त्यांच्या पोटात ढग गडगडायला लागायचे. छाती धडधडायची, कपाळावर घाम, तोंड लालबुंद. आडवं व्हावं लागायचं. ते सावरतंय न सावरतंय तोवर दोनेक तासांनी दुसरा फेरा. हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची, बोलणं जड व्हायचं.

"अशक्तपणा," सुनीती म्हणायची, आणि ग्लासभर पाण्यात ग्लुकोजची पावडर ढवळायची. ते पिऊन त्यांना लगेच तरतरी यायची. काही वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा ग्लुकोज. कोपऱ्यावरचा दुकानदार तिला पाहिल्याबरोबर डबा काढून ठेवायला लागला होता. "भाभीजी, घर में क्रिकेट टीम है क्या?"

तरी तोवर सगळं घरातल्या घरात होतं. मग नोएडाला इंद्रजितरावांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा गृहप्रवेश आला. श्रीखंड-पुरीचं जेवण. यजमानीणबाई वाटी घेऊन मागे लागल्या, इंद्रजितरावांना नाही म्हणता येईना. आयुष्यभर पंगतीत पैजा मारून खाल्लेला माणूस. खाल्लं. गप्पा रंगल्या आणि दोन तासांनी त्यांची जीभ अडखळायला लागली. उठायला गेले तर सोफ्याचा हात सापडेना. घामानं शर्ट ओला.

"काय साहेब, दिवसाढवळ्या?" कोणीतरी हसून म्हणालं. "आम्हाला नाही विचारलंत!"

ज्या माणसानं ऑफिसच्या पार्ट्यांत जन्मभर लिंबूसरबताचा ग्लास धरून कोपरा गाठला, त्याला हे ऐकायला लागलं. टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. घर आल्यावर एवढंच म्हणाले, "सुनीती, आता बाहेर जेवायचं नाही."

तेव्हापासून उपास सुरू झाले. पण मराठी घरात उपास सांगणं म्हणजे काय, हे ते विसरले होते. "उपास? अहो मग आधी नाही का सांगायचं!" म्हणून बाई आत पळायच्या आणि येताना राजगिऱ्याचा लाडू, खजूर, साखरेत परतलेली रताळी आणि शिकरणाची वाटी घेऊन यायच्या. जेवणापेक्षा फराळ गोड. सुनीतीच्या पर्समध्ये कितीतरी घरांचे राजगिऱ्याचे लाडू रुमालात गुंडाळून परत आले.

अशात मृणालचं ठरलं.

मुलगा सिद्धांत, गुडगावला तिच्याच ऑफिसात. घर गाझियाबादला. वडील राजीव, आई साधना, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ऐंशी पार केलेले आजोबा, अण्णासाहेब. अण्णासाहेब तरुणपणी हिशेबखात्यात नोकरीला म्हणून दिल्लीत आले ते इथलेच झाले. भाजीवाल्याशी अस्सल दिल्लीच्या हिंदीत भांडायचे आणि घरात मात्र कोशिंबिरीला 'सॅलड' म्हणणाऱ्याला जेवायला वाढायचे नाहीत. साखरपुडा फरीदाबादला करायचा ठरल्यावर त्यांचा फोन आला. सुनीतीनं तो स्पीकरवर टाकला, हात पिठात होते म्हणून.

"सुनीतीबाई, बाकी सगळं तुमच्या मर्जीनं. मानपान नको, देणंघेणं नको. पण माझी एकच अट आहे."

सुनीतीनं पीठ मळणं थांबवलं.

"बुफे नको. पंगत हवी. पानं मांडून, वाढप्यांनी वाढून. ते हातात थाळी घेऊन भीक मागितल्यासारखं फिरणं मला बिल्कुल चालत नाही."

"हो हो, पंगतच करू," सुनीती म्हणाली. फोन ठेवून वळली तर इंद्रजितराव दारात उभे.

"बुफेमध्ये मी लपलो असतो," ते म्हणाले. "थाळीत काकडी घेऊन फिरलो असतो इकडून तिकडे. पंगतीत कुठे लपू? समोर पान. वाढपी डोक्यावर. शेजारी व्याही. आग्रह करकरून जिलबी घालणार. नाही म्हटलं तर अपमान, खाल्लं तर दोन तासांनी मुलीच्या साखरपुड्यात बाप झिंगलेला."

"मग सांगून टाकू ना त्यांना. ऑपरेशन झालंय, पथ्य आहे."

"पोटाचं ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या मनात पहिला शब्द कुठला येतो, ठाऊक आहे ना तुला? मग कुजबुज. मुलीच्या घराण्यात आहे म्हणतील. नाही. लग्न होईपर्यंत एक अक्षर नाही." ते स्टुलावर बसले. "त्यापेक्षा मीच येत नाही. ताप आला म्हणून सांग."

"मुलीच्या साखरपुड्याला?"

"विधी होईपर्यंत थांबतो. पानं मांडली की जातो."

हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करत राहिले. सुनीतीला वाटलं, ह्या माणसाला पंगतीत बसवल्याशिवाय आपण सोडणार नाही. कसं ते कळत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं त्यांना ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात आहाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टर बक्षी मृणालच्याच वयाची होती, केसांचा अंबाडा पेननं खोचलेला. तिनं विचारलं, "अंकल खाते क्या हैं?" आणि सुनीतीनं अभिमानानं सगळं सांगितलं. शिरा, रस, खीर, ग्लुकोज.

डॉक्टरनं पेन केसांतून काढलं. अंबाडा सुटला. "आंटी, मेरी बात का बुरा मत मानना. आप इनको प्यार से बीमार कर रही हैं."

मग तिनं समजावलं. जठर म्हणजे नुसती पिशवी नाही. आलेलं अन्न धरून ठेवायचं, घुसळायचं आणि थोडं थोडं करून पुढे आतड्यात सोडायचं, हे त्याचं काम. ते कापलं गेलं की धरून ठेवणारं कुणी उरत नाही. मग शिरा, रस, साखरेचं पाणी धाडकन आतड्यात उतरतं. एवढी दाट साखर एकदम आली की आतडं घाबरतं, ती पातळ करायला अंगातलं पाणी ओढून घेतं. म्हणून गुडगुड, म्हणून धडधड. आणि आतड्याच्या आतल्या अस्तराला एक सवय असते. साखर आली की ते रक्तात निरोप सोडतं. हार्मोन. त्यातलंच एक जीएलपी-वन.

"वो इंजेक्शन सुना है ना आंटी, जिससे सब पतले हो रहे हैं? उसी हार्मोन की नकल है."

"म्हणजे आमच्या सोसायटीतल्या बायका जे टोचून घेतात ते ह्यांच्या पोटात आपोआप?" सुनीती मराठीत म्हणाली, मग हिंदीत.

"सही वक्त पे, सही मात्रा में हो तो बढ़िया चीज़ है," डॉक्टर हसली. "अंकल के यहाँ बाढ़ आ जाती है."

तो निरोप स्वादुपिंडाला जातो की मोठी मेजवानी आली आहे, तयारीला लागा. स्वादुपिंड बिचारं भरभरून इन्सुलिन सोडतं. पण मेजवानी कसली, वाटीभर शिरा, तो केव्हाच संपला. इन्सुलिन मात्र रक्तात फिरतच राहतं आणि आहे नाही तेवढी साखर खाली ओढतं. मग थरथर, घाम, जीभ जड. त्यावर आंटी ग्लासभर ग्लुकोज ओतणार, की पुन्हा पूर, पुन्हा निरोप, पुन्हा तेच. साखर खरंच खूप खाली गेली तर थोडीशी द्यायची, पण मागोमाग मूठभर शेंगदाणे किंवा अंडं. ग्लास नाही ओतायचा.

रिक्षात बसल्यावर सुनीतीनं डॉक्टरचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे कसं झालं बघा. आपल्या गेटवरचा गार्ड काढून टाकला. सगळे डिलिव्हरीवाले एकदम वर आले. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज गेला, मोर्चा आला, मोर्चा आला. पोलिसांच्या दहा गाड्या आल्या. तोवर पार्सलं देऊन पोरं गेलीसुद्धा. आता पोलीस कुणाला मारणार? आपल्यालाच."

इंद्रजितराव कित्येक महिन्यांनी मोठ्यानं हसले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

"आणि मोर्चा मी पाठवत होते," ती हळूच म्हणाली.

"अगं, तुला काय ठाऊक." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, मग रिक्षा एका खड्ड्यात आपटली आणि दोघांनी दांडी धरली.

घरातला शिरा बंद झाला. सुनीतीला त्याचं इतकं वाईट वाटलं की तिनं रव्याचा डबा मागच्या फळीवर ठेवला, दिसू नये म्हणून. ताटाची चाल बदलली. आधी उसळ, नाहीतर अंडं, पनीर, त्याबरोबर कोशिंबीर, मग अर्धी भाकरी आणि भात असला तर सगळ्यात शेवटी, चार घास. पाणी जेवताना नाही, नंतर. दर दोनतीन तासांनी थोडं थोडं. आणि हळू. हे हळू प्रकरण सगळ्यात अवघड होतं, कारण इंद्रजितराव जन्मभर डबा उरकल्यासारखे जेवलेले. ती समोर बसून नुसती बघायची. "अहो, घास चावताय की पत्र टपालात टाकताय?" जेवून झालं की थोडं आडवं व्हायचं. हळूहळू गडगडाट थांबला, घाम थांबला. ते पुन्हा भाजी आणायला जाऊ लागले.

पण पंगत म्हटलं की, "घरात जमतं. तिथे नाही. सगळे दहा मिनिटांत जेवून उठणार आणि मी एकटा चघळत बसणार, चाळीस लोक माझ्या तोंडाकडे बघत. आणि गोड? ते कोण थांबवणार?"

"मी थांबवेन."

"कशी?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. निदान तोंड गोड करण्यापुरता बंदोबस्त म्हणून तिनं आदल्या दिवशी खवा भाजून, वेलची घालून, साखरेशिवाय इवलेसे पेढे वळले आणि चांदीच्या वाटीत वेगळे ठेवले. मृणालला बजावलं, "बाबांना भरवायची वेळ आली की ही वाटी पुढे करायची." मृणाल म्हणाली, "आई, यार, तू ना सिरियल बघणं बंद कर. सरळ सांगून टाकू." पण वाटी तिनं घेतली.

साखरपुडा सेक्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये होता. जानेवारीचं धुकं दुपारपर्यंत विरलं नव्हतं आणि गाझियाबादची मंडळी शाली, मफलरसकट उतरली. अण्णासाहेब सगळ्यात शेवटी, काळा कोट, हातात काठी, काखेत मिठाईचा खोका. राजीव गाडी लावायला जागा शोधत पुढे गेला तो बराच वेळ आलाच नाही.

विधी झाले. अंगठ्या झाल्या. मृणालच्या ओटीत साखरेचा पुडा पडला. टाळ्या वाजल्या, आणि साधना म्हणाली, "चला, आता तोंड गोड करा!" मृणालनं चपळाईनं चांदीची वाटी उचलली.

"ती ठेव गं बाळ," अण्णासाहेब म्हणाले. "व्याह्यांचं तोंड मी माझ्या हातानं गोड करणार. खास साताऱ्याहून कंदी पेढे मागवलेत. भाचा घेऊन आलाय ट्रेननं, वाटेत कुणाला हात लावू दिला नाही."

खोका उघडला. पेढा चांगला लिंबाएवढा. अण्णासाहेबांचा हात इंद्रजितरावांच्या तोंडाकडे निघाला. आणि इंद्रजितरावांनी, सुनीतीनं बघितलं, तोंड उघडलं. डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मुलीच्या सासरच्या मोठ्या माणसाला नाही म्हणण्यापेक्षा त्यांनी विषही खाल्लं असतं.

सुनीतीनं विचार केला नाही. पुढे झाली, अण्णासाहेबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि पेढा स्वतःच्या तोंडात घातला.

"पहिला मला," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "मुलीची आई आहे मी."

हशा पिकला. "वा, वा! घ्या की!" अण्णासाहेब खूश झाले आणि त्यांनी दुसरा पेढा काढला. तोही सुनीतीनं मधल्यामध्ये गाठला. तोंडात पहिलाच संपला नव्हता. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. आता हसणं जरा कमी झालं. साधनानं भुवया वर केल्या. मृणालनं कपाळावर हात मारला. अण्णासाहेबांनी तिसरा पेढा काढला आणि तो हवेत धरून ते सुनीतीकडे बघायला लागले, की ह्या बाईंना झालंय काय.

इंद्रजितराव बायकोकडे बघत होते. दोन्ही गालांत पेढे कोंबलेली, पैठणीतली, पुढच्या पेढ्यावर झेप घ्यायला तयार. त्यांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग ते मोठ्यानं हसले.

"अण्णासाहेब, राहू द्या," ते म्हणाले. "ती खोका संपवेल पण मला खाऊ देणार नाही. माझं अर्धं पोट काढून टाकलंय. गोड खाल्लं की मी दोन तासांनी दारू प्यायल्यासारखा बोलतो. उपासबिपास काही नाही. सगळं खोटं होतं."

एका टोकाला कुणाचा तरी फोन वाजत राहिला.

अण्णासाहेबांनी पेढा खोक्यात परत ठेवला. "कधी झालं हे?"

"गेल्या होळीला."

"आणि आम्हाला आज कळतंय."

त्यात राग होता. इंद्रजितरावांचं हसू विरलं. साधना सुनीतीच्या जवळ सरकली आणि खालच्या आवाजात तिनं तो प्रश्न विचारलाच, "सुनीतीताई, ते... तसलं काही होतं का?"

सुनीतीनं पेढा कसाबसा गिळला. "नाही हो. अल्सर फुटला होता. गोळ्यांनी. रिपोर्ट आहेत घरी, दाखवते."

साधनानं श्वास सोडला. तो श्वास सुनीतीला आवडला नाही, पण तिच्या जागी आपणही सोडला असता, हे तिला कळत होतं. "रिपोर्ट कशाला," साधना जरा ओशाळून म्हणाली. मग एकदम लेकाकडे वळली. "सिद्धांत, तुला माहीत होतं?"

सिद्धांत मृणालकडे बघायला लागला.

"म्हणजे होतं," साधना म्हणाली. "आत्तापासून! घरी चल, सांगते तुला."

अण्णासाहेब अजून इंद्रजितरावांसमोरच उभे होते, काठीवर रेलून. "परवा फोनवर मी तुम्हाला विचारत होतो, जेवायला काय करू या, तुमची आवड सांगा. तुम्ही म्हणत होतात, काहीही चालेल. काहीही कसं चालेल? काय चालतं ते सांगा आता."

इंद्रजितराव सुनीतीकडे वळले. सुनीतीच म्हणाली, "आज मटकीची उसळ आहे, ती चालते. कोशिंबीर चालते. पुरी नको, भाकरी मी घरून आणलीये. पाणी नंतर. आणि हळू जेवावं लागतं त्यांना. फार हळू."

"फार हळू म्हणजे किती?"

"सगळे उठले तरी ह्यांचं निम्मंही होत नाही. म्हणून तर ते पंगतीला बसणारच नव्हते. पानं मांडली की घरी जाणार होते."

अण्णासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग इंद्रजितरावांकडे. मग ते इंद्रजितरावांच्या कानाशी वाकले, पण त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे कानगोष्ट सगळ्या हॉलला ऐकू गेली.

"ही माझी कवळी बघितलीत? खालची बसतच नाही. मला जेवायला तास लागतो. घरी पोरं येतात, फोन बघत पाच मिनिटांत गिळतात आणि चलो बाय. राजीव टीव्हीपुढे. सूनबाई बिचारी थांबते, पण तिचेही डोळे पेंगतात. रोज मी एकटा भिंतीकडे बघत जेवतो. पंगतीत कसं, मोठा माणूस उठल्याशिवाय कुणाला उठता येत नाही." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "कशासाठी मागितली होती मी पंगत? पानांची हौस म्हणून?"

साधना पुटपुटली, "अण्णा, हे कधी बोलला नाहीत." अण्णासाहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "इंद्रजितराव, चला. माझ्या डाव्या बाजूला बसायचं. बघू कोण कुणाच्या आधी संपवतं."

पंगत बसली. केटररची पोरं पहिल्यांदाच वाकून वाढत होती आणि कोशिंबीर नेमकी मिठाच्या जागी पडत होती. अण्णासाहेब काठीनं पानाची बाजू दाखवत होते. जिलबीचं ताट घेऊन पोरगा इंद्रजितरावांपुढे आला की अण्णासाहेबच गरजत, "इधर नहीं! इधर उसल लाओ!" आग्रह त्यांनी सोडला नाही, फक्त तो उसळीकडे वळवला. "घ्या, अर्धा चमचा. अर्ध्या पोटाला अर्धा चमचा. ह्याला नाही म्हणाल तर मात्र राग येईल." सुनीती मागे उभी राहून डोळ्यांनीच सांगत होती, एक घास, चावा, थांबा. मग तिच्या लक्षात आलं की सांगायची गरज नाही. अण्णासाहेब प्रत्येक घासाला एक गोष्ट सांगत होते. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमधल्या, पाण्याच्या टाकीवर झोपायच्या रात्रींच्या. आणि इंद्रजितराव ऐकता ऐकता चावत होते.

तरुण मंडळींची पानं कधीच रिकामी झाली. ती बसून राहिली. आधी चुळबुळली, मग फोन काढले, मग फोनचाही कंटाळा आला तेव्हा एकमेकांशी बोलायला लागली. सिद्धांतचा मामा मृणालच्या मावशीला पानिपतच्या काला अंब स्मारकाला नेलेल्या सहलीबद्दल सांगत होता. केटररचा माणूस येऊन अदबीनं म्हणाला, "अंकलजी, पत्तल उठा लें?"

"अभी नहीं," दोघे एकदम म्हणाले.

सुनीतीनं भाकरीचा तुकडा वाढला. इंद्रजितरावांनी वर बघितलं. घाम नव्हता. चेहरा लाल होता, पण तो हसून. "अगं, तू जेव ना," ते म्हणाले. "किती उभी राहशील."

"पोट भरलंय माझं," ती म्हणाली. "दोन कंदी पेढे खाल्लेत सकाळपासून." आणि मग कुणी बघत नाही असं बघून तिनं त्यांच्या पानातली चिमूटभर उसळ उचलली.

पान झाल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे आडवं व्हायला जागा शोधली. विधींसाठी घातलेली गादी कोपऱ्यात होती. अण्णासाहेब म्हणाले, "मलाही पडायचंय जरा," आणि कोट घडी करून डोक्याखाली घेतला. लगेचच दोघांचे सूर लागले, एकाचा वरचा, एकाचा खालचा.

तेवढ्यात फोटोग्राफर आला. त्याला गाझियाबादला एक लग्न गाठायचं होतं. "मॅडम, फॅमिली फोटो. लड़की के पापा कहाँ हैं? और दादाजी?"

साधनानं गादीकडे बघितलं आणि सुनीतीकडे. "उठवू का?"

सुनीतीनं आपली शाल काढली. गादीपाशी जाऊन दोघांच्या पायांवर पसरली. लांबीला पुरली नाही, म्हणून अण्णासाहेबांच्या बाजूला जरा जास्त ओढली.

"आपण काढून घेऊ या फोटो," ती म्हणाली. "त्यांना जिरू दे."